शकूआत्या आणि दोन नीलगड

कमलताईंचा फोन आला तेव्हा आम्ही पुण्याच्या ऑफिसात एका भिजलेल्या खोगिरावर वाद घालत होतो. आमच्या गेमच्या दुसऱ्या भागात पाऊस पडतो, पावसात घोड्याचं खोगीर भिजतं, आणि मग घोड्याचा वेग किती कमी व्हावा, असा प्रश्न होता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एक घोडा पावसात उभा होता आणि आम्ही सहा जण तासभर त्याच्याकडे बघत बोलत होतो. माझा फोन टेबलावर उलटा ठेवलेला होता. तो दोनदा थरथरला, मी पाहिलं नाही. तिसऱ्यांदा उचलला. कमलताई म्हणजे वर्ध्याजवळ पिपरी मेघेला माझ्या आत्याच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाई. अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "निखिलभाऊ, लवकर निघा. सिस्टरबाई गेल्या." मी विचारलं, "कुठे गेल्या?" आता सात आठवडे झाले, पण तो प्रश्न आठवला की अजून अंगावर काटा येतो. त्या सकाळी आत्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली त्यांना दिसली होती. शेजारच्यांनी गाडीत घालून दवाखान्यात नेलं, पण अकराच्या आत सगळं संपलं होतं.

शकुंतला माझ्या वडिलांची मोठी बहीण. कारंजा घाडगेच्या पलीकडे, डोंगराकडच्या एका उपकेंद्रात ती एकतीस वर्षं नर्स होती. गावोगावी ती सिस्टरबाई, आमच्या घरात शकूआत्या. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "राहूनच गेलं" म्हणायची, बाजारातून कोथिंबीर आणायची राहून जावी तसं. तिच्याकडे अकरा गावं होती. बस चुकली तर लसीचा डबा खांद्याला अडकवून ती महामार्गावरच्या ढाब्यापाशी जाऊन उभी राहायची, आणि ओळखीचा कुणी ट्रकवाला तिला फाट्यापर्यंत सोडायचा. फाट्यापासून पुढे पायी. वरच्या तीन गावांत गोंड वस्ती होती. 'कुठे दुखतं' हे विचारता यावं आणि आलेलं उत्तर समजावं, एवढी गोंडी ती शिकली होती. एवढ्यावर माझी निम्मी नोकरी झाली, असं म्हणायची.

ती रिटायर झाली आणि पिपरी मेघेला दोन खोल्यांचं घर घेतलं, त्याच वर्षी मी इंजिनिअरिंगला वर्ध्याला आलो. वडिलांची नोकरी चंद्रपूरकडे, त्यामुळे मी आत्याकडेच राहिलो. कॉलेज संपल्यावर माझ्याबरोबरच्या मुलांनी नोकऱ्या धरल्या आणि मी, तन्वी आणि आणखी एक मित्र, आम्ही तिघांनी आत्याच्या बाहेरच्या खोलीत गेम बनवायला घेतला. नाव ठेवलं 'नीलगड'. ज्यांनी असे गेम कधी खेळले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. यात एक काल्पनिक राज्य असतं, त्यात जादू असते, राक्षस असतात, आणि खेळणारा माणूस त्या राज्यातलं एक पात्र होऊन गावोगाव फिरतो, लढतो, लोकांशी बोलतो, हळूहळू मोठा होतो. दीड वर्ष आम्ही कूलरसमोर बसून हेच केलं. आत्यानं कधी विचारलं नाही की यातून पुढे काय होणार. चहा आणून ठेवायची आणि थोडा वेळ मागे उभी राहून बघायची.

एके दिवशी तन्वी म्हणाली की ज्यानं जन्मात कधी गेम खेळला नाही असा माणूस आपल्याला खेळताना बघायला हवा. आम्ही तिघांनीही मागे वळून पाहिलं.

आत्यानं माउस इस्त्रीसारखा धरला. सुरुवातीला तीन पात्रांतून एक निवडायचं असतं. तलवारवाला, तिरंदाज, आणि जडीबुटी जाणणारी वैदीण. आतापर्यंत ज्याला ज्याला दाखवलं त्यानं तलवारवाला घेतला होता. वैदीण आम्ही यादी बरी दिसावी म्हणून ठेवली होती. आत्यानं सरळ तीच घेतली. गावात शिरल्यावर गावाबाहेरच्या राक्षसाकडे जायचा बाण पडद्यावर दिसत होता, पण ती त्या बाणाकडे बघेचना. प्रत्येक घरात जाऊन प्रत्येकाशी बोलत होती. एका म्हातारीकडे आम्ही एकच वाक्य दिलं होतं, तेच ती परत परत बोलायची. आत्यानं तिला चार वेळा विचारलं आणि मग आमच्याकडे वळून म्हणाली, "इले ऐकू येत नसन." आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी त्या म्हातारीला आणखी सात वाक्यं लिहिली.

पुढे तो तिचा नेमच झाला. जेवण झालं, भांडी आवरली, की पडदा ओढून दोन ते चार ती नीलगडात. पहिल्या भागात सगळं सोपं होतं. वर एक लाल पट्टी, ती म्हणजे जीव. कितीही मार लागला तरी काढ्याची एक कुपी प्यायची की पट्टी पुन्हा पूर्ण भरायची. कितीही पळा, थकवा नाही. झोळीत कितीही सामान भरा, वजन नाही. एक बटण दाबलं की आहे तिथे खेळ साठवला जायचा, आणि चूक झाली तर मागे येऊन पुन्हा सुरू करता यायचं. बरोबर भैरू नावाचा एक साथीदार असायचा, लंगडा, मोठ्या मिशांचा म्हातारा शिपाई. लढाईत तो पडला तर लढाई संपल्यावर कपडे झटकत उठायचा आणि म्हणायचा, "चला, पुढे." भैरूवर तिचा फार जीव. काढ्याच्या कुपीवर मात्र ती मनापासून हसली होती. असं औषध असतं तर मी कशाला पायी फिरले असते, म्हणाली. तिनं पाठकोऱ्या कागदावर रेघा मारून आम्हाला चुका लिहून दिल्या, अगदी तिच्या उपकेंद्रातल्या रजिस्टरसारख्या. कुठे, केव्हा, काय झालं, नंतर काय झालं. तसा नीटस अहवाल मला पुण्यातल्या पगारी माणसांकडूनही पुढे मिळाला नाही.

पहिला भाग बरा चालला. पुण्याच्या एका कंपनीनं आम्हाला बोलावलं, दुसऱ्या भागाला माणसं दिली, आणि आम्ही तिघंही गेलो. जुना कॉम्प्युटर मी आत्याकडेच ठेवला. जाताना तिनं डब्यात भाकरी आणि झुणका दिला आणि एवढंच म्हणाली की नवीन बनवशील ते आधी मले दाखवजो. मी दाखवत राहिलो. महिन्या-दोन महिन्यांनी नवी आवृत्ती तयार झाली की पुण्यातून तिच्या कॉम्प्युटरवर चढवायचो, आणि दर रविवारी सकाळी फोन करायचो. फोन लागला की मी वही उघडून बसायचो. असे चार वर्षांतले रविवार झाले.

दुसरा भाग आम्ही मुद्दाम अवघड केला होता. पहिल्या भागावर लोकांची तक्रार होती की फार लाडावून ठेवलंत, काही गमावण्याची भीतीच नाही. म्हणून दुसऱ्यात वाट दाखवणारा बाण काढून टाकला, रस्ता लोकांना विचारायचा. काढा पिऊन जखम लगेच भरत नाही. ती बांधावी लागते, आणि खेळातले काही दिवस एखाद्या घरात पडून राहावं लागतं. पायाला लागलं असेल तर तेवढे दिवस लंगडत चालायचं. झोळीला वजन आलं. खेळ कुठेही साठवता येत नाही, देवळातल्या दिव्यापाशीच साठवायचा. आणि लाल पट्टीखाली एक निळी पट्टी आली, दमाची. पळालं, चढलं, तलवार चालवली की दम कमी होतो, आणि थांबलं किंवा निजलं की परत भरतो.

हे सगळं तिला जड जाईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. बाण काढला हे तिला फार आवडलं. वाट विचारल्याशिवाय गाव कळत नाही, म्हणाली. जखमेचंही पटलं. माणूस एका घोटात बरा होत नाही, आता हा खेळ शहाणा झाला, म्हणाली. झोळीच्या वजनावर मात्र माझी शाळा घेतली. ओझं किती आहे यापेक्षा ते कुठे अडकवलंय याला महत्त्व असतं, लसीचा डबा खांद्यावर वेगळा लागतो आणि कमरेवर वेगळा, हे तिनं मला पाऊण तास समजावून सांगितलं. ते आम्ही गेममध्ये घेतलं. आज लोक ज्या गोष्टीचं कौतुक करतात, झोळी खांद्यावर की कमरेला हे ठरवायची सोय, ती तिची आहे. तिचं नाव कुठे नाही. मी घालायला हवं होतं... राहूनच गेलं.

बोलण्याच्या बाबतीतही तिचं म्हणणं होतं. दुसऱ्या भागात समोरच्यानं काही विचारलं की उत्तर निवडायला आठ सेकंद मिळत. तेवढ्यात काही निवडलं नाही तर गेम समजायचा की आपल्याला काही सांगायचं नाही, आणि समोरचा निघून जायचा. आम्हाला ती कल्पना फार हुशारीची वाटत होती. आत्या म्हणाली की गप्प बसणाऱ्याला सांगायचं नसतं असं कुणी सांगितलं तुला? कधी कधी सांगायचं फार असतं म्हणूनच तोंड उघडत नाही. मी हो हो म्हटलं आणि आठाचे बारा सेकंद केले.

आमचं खरं बिनसलं ते भैरूवरून. दुसऱ्या भागात साथीदार मरू शकतो. तो पडला की दहा श्वासांपुरता वेळ मिळतो. तेवढ्यात त्याच्यापर्यंत पोहोचलात तर वाचतो, नाहीतर गेला, कायमचा. एप्रिलच्या एका रविवारी आत्यानं फोनवर सांगितलं की तिचा भैरू मेला. ती दोन राक्षसांच्या पलीकडे अडकली होती, पोहोचू शकली नाही. मला वाटलं होतं ती त्याला परत जिवंत करायला सांगेल. तसं ती म्हणालीच नाही. माणसं मरतात, मी पाहिलीत, म्हणाली. तिची तक्रार वेगळी होती. भैरूनं जीव सोडल्याबरोबर गेमनं तुतारी वाजवली, लढाई जिंकल्याचं सांगितलं, सोन्याची नाणी दाखवली, आणि दृश्य बदलून तिला पुढच्या गावात नेऊन उभं केलं.

"तिकडे माणूस गेला अन् तुमचा खेळ बक्षीस वाटून राह्यला," ती म्हणाली. "मले त्याच्यापाशी घडीभर बसू तं द्या."

मी तिला समजावलं की याला वेग म्हणतात, खेळणारा एका जागी थांबला की कंटाळतो, गेम बंद करतो. ती म्हणाली की ज्याला कंटाळा येईल तो उठेल, ज्याला बसायचं त्याला बसू द्या. मी म्हटलं, आत्या, हे उपकेंद्र नाही. हे वाक्य मी बोललो. तिनं आंबे उतरलेत का पुण्यात, असं विचारलं. ऑफिसात मी हा विषय काढलासुद्धा, पण असा काढला की कुणी नाही म्हणावं. सगळ्यांनी नाही म्हटलं.

जूनमध्ये मी दोन दिवस जाऊन आलो. त्यानंतर गेम बाजारात आणायची तारीख ठरली आणि आमचं ऑफिस म्हणजे लग्नघर झालं. रविवारचे फोन आखडले. खरं सांगायचं तर मी त्या फोनवर एकाच गोष्टीसाठी कान देत होतो. कमलताईंच्या सुनेला मुलगी झाली, टाकीला पाणी येत नाही, वडिलांचा फोन आला होता, असलं काही ती बोलली की मी हूं हूं करत समोरच्या पडद्यावर दुसरं काम करायचो. गेमबद्दल बोलू लागली की वही उघडायचो. माझ्या आवाजात तो फरक पडत असणार. एकतीस वर्षं माणसांचे आवाज ऐकलेल्या बाईला तो कळला नसेल, असं मी आता स्वतःला पटवू शकत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ती म्हणाली, "या दुसऱ्यात दम लय लवकर जाते रे."

मी वही उघडली. कुठे जातो, विचारलं.

"चढावर. अन् गेला की मंग बराच वेळ परत येत नाई."

मी लिहून घेतलं. चढावर दम किती वेगानं कमी होतो आणि थांबल्यावर किती वेगानं भरतो, हे दोन आकडे असतात. दोन्ही थोडे सैल केले. पुढच्या रविवारी विचारलं, आता कसं वाटतं? ती हसली आणि म्हणाली, आता बरं आहे. मला कामाचं समाधान वाटलं.

त्याच्या पुढच्या रविवारी ती म्हणाली, "निजलं की दम भरून आला पाह्यजे नं? इथं उलटं होऊन राह्यलं. निजलं की जास्तच लागते."

ही गंभीर चूक होती. दुसऱ्या भागात मुक्काम टाकून निजलं की दम पूर्ण भरतो, उलट होण्याचा प्रश्नच नाही. मी दोन दिवस ती चूक शोधली. वैदीण घेऊन खेळलो, जखमी करून निजवली, डोंगरावर निजवली, भर पावसात निजवली. निळी पट्टी प्रत्येक वेळी भरत होती. शेवटी आमच्या चुकांच्या यादीत त्या नोंदीपुढे 'पुन्हा घडवता आली नाही' असं लिहिलं आणि नोंद बंद केली. रविवारी तिला सांगितलं की तसं काही सापडलं नाही. ती म्हणाली, "नसन मंग. जाऊ दे." त्यानंतर सोळाव्या दिवशी ती गेली.

मी दुपारच्या विमानानं नागपूर आणि तिथून टॅक्सीनं वर्धा गाठलं. आई-वडील आधीच पोहोचले होते. संध्याकाळच्या आत सगळं आटोपलं. कारंजाकडची बरीच माणसं आली होती. कुणी कुणाला ओळखत नव्हतं आणि प्रत्येक जण सांगत होता की सिस्टरबाईनं आपल्या घरात कुणाला तरी वाचवलं होतं. दुसऱ्या दिवशी कमलताई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि धीर होत नव्हता. मग म्हणाल्या की महिनाभरापासून बाईंच्या पायावर सूज होती, गच्चीवरच्या टाकीचं बघायला गेल्या की अर्ध्या जिन्यात बसून राहायच्या. आडवं झालं की धाप लागते म्हणून दोन उशांना टेकून बसून झोपायच्या. कमलताई म्हणाल्या, मोठ्या डॉक्टरले दाखवा असं मी किती डाव म्हटलं. तर म्हणे, पोराचा खेळ येऊ द्या, तो आता कामात आहे, मी आजारी पडली तं तो धावत येईन. मंग दाखवीन.

निजलं की जास्तच लागते... मी अंगणातल्या नळापाशी जाऊन तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं. माझी आई आतून विचारत होती की काय झालं.

तरीही एक आडोसा शिल्लक होता. कदाचित ती खरंच गेमबद्दल बोलत असेल. कदाचित तिच्या कॉम्प्युटरवर खरंच तसं घडत असेल, जुनं यंत्र आहे, काहीही होऊ शकतं. पाचव्या दिवशी दुपारी घरात सगळे पडले होते तेव्हा मी पडदा ओढला आणि तिचा कॉम्प्युटर सुरू केला. तिची वैदीण एका देवळातल्या दिव्यापाशी उभी होती. शेजारी तिनं गेम शेवटचा कधी खेळला ती तारीख होती. ती जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली होती. मी ऑगस्टमध्ये पुण्यातून चढवलेली आवृत्ती तिनं एकदाही उघडली नव्हती. मी सैल केलेले आकडे तिनं कधी पाहिलेच नव्हते. त्या तिन्ही रविवारी ती नीलगडात नव्हती. पिपरी मेघेच्या घरातच होती, आणि मला स्वतःचं दुखणं सांगत होती. मला जी भाषा समजत होती त्या भाषेत.

मी रागावलो होतो, हे लिहायला हवं. तिच्यावर रागावलो होतो. सरळ का नाही बोललीस? नर्स होतीस, तुला कळत होतं. 'मले धाप लागते' हे तीन शब्द होते. हा राग दोन-तीन दिवस होता, आणि तो असताना बरं वाटत होतं. मग तो ओसरला आणि खाली जे होतं ते उघडं पडलं.

तेरवी झाल्यावर पुण्याला गेलो. गेम बाजारात यायला नऊ दिवस उरले होते. पहिल्याच दिवशी तन्वीला सांगितलं की साथीदार मेल्यावर खेळणाऱ्याला त्याच्याजवळ बसता आलं पाहिजे. तुतारी नाही, नाणी नाहीत, दृश्य बदलायचं नाही. बसेल तोवर बसू द्यायचं, उठला की पुढे. तन्वीनं आत्याच्या हातचा दीड वर्ष चहा प्यायला होता. तिनं कारण विचारलं नाही, तीन दिवस आहेत म्हणाली. तीन दिवसांत झालं. इतकं सोपं होतं ते... एप्रिलमध्येही तीनच दिवसांचं काम होतं.

गेम आला. लोक पहिल्या आणि दुसऱ्या भागाची तुलना करतात, जखमा, दम, झोळी, दिवे, सगळ्याची. काहींना पहिलाच बरा वाटतो, काहींना दुसरा. पण बहुतेक जण त्या बसण्याबद्दल लिहितात. एकानं लिहिलं की तो भैरूजवळ वीस मिनिटं बसला. एका मोठ्या मुलाखतीत मला विचारलं गेलं की ही कल्पना कशी सुचली. मी काहीतरी उत्तर दिलं. आता इथे खरं लिहितो. ती मला सुचली नव्हती. जिला सुचली तिला मी म्हटलं होतं की हे उपकेंद्र नाही. आणि नीलगडात हजारो लोकांना बसायची सोय करून दिली तरी माझ्या त्या तीन रविवारांचं काही होत नाही. मी स्वतः अजून एकदाही भैरूजवळ बसू शकलेलो नाही. तो पडला की मी गेम बंद करतो.

गेल्या आठवड्यात घर आवरायला पिपरी मेघेला गेलो होतो. दुपारी एक बाई आल्या. चाळिशीच्या, हातात पिशवी. त्यांचं नाव ज्योती. कारंजाकडच्याच एका उपकेंद्रात नर्स आहेत आणि नोकरीची पहिली पाच वर्षं त्यांनी आत्याच्या हाताखाली काढली. बातमी त्यांना उशिरा कळली होती. मी पाणी दिलं, चहा केला. त्या बाळंतपणांच्या, पावसाळ्यातल्या नाल्यांच्या गोष्टी सांगत होत्या. मग म्हणाल्या की मॅडमनी शिकवलेली एक गोष्ट मी नव्या मुलींना शिकवते. बाई तपासायला येते, डोकं दुखते म्हणते, कंबर दुखते म्हणते, गोळ्या घेते. खरं दुखणं ती तिथं सांगत नाही. जायला निघाली, चपलेत पाय घातला, की दारात सांगते. म्हणून पेशंटले दारापर्यंत सोडायले जायचं अन् तिथं थांबायचं, घाई नाई करायची. मॅडम तं दारात स्टूलच ठेवत होत्या, म्हणाल्या.

मी दाराकडे पाहिलं. तिथे लाकडाचं एक बुटकं स्टूल आहे. ते चपला घालताना बसायला आहे असं मला इतकी वर्षं वाटत होतं. जूनमध्ये मी निघालो तेव्हा आत्या त्याच स्टुलावर बसली होती. बाहेर ऑटो उभा होता, स्टेशनवर पोहोचायचं होतं. मी चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली, पाया पडलो. ती म्हणाली, "अन् ऐक नं..." ऑटोवाल्यानं हॉर्न दिला. मी म्हटलं, रविवारी बोलू आत्या. ती म्हणाली, "बरं. सांभाळून जाजो."

चार वाजता ज्योतीताई उठल्या, कारंजाची बस होती. मी त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेलो आणि त्या स्टुलावर बसलो. त्यांनी एका पायात चप्पल घातली. मी काही बोललो नाही. दुसऱ्या पायात घातली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, अंगणाकडे बघितलं. मग खाली बघत म्हणाल्या, "मॅडमचा एखादा फोटो असन तं द्याल का? मघापासून मागू मागू करून राह्यली."

मी आत जाऊन फोटो आणला.